एआय वापरायला कॅथलिक चर्चची हरकत आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भुसावळकडच्या एका धर्मग्रामातल्या (एका चर्चच्या हद्दीतला समाज) युवक मंडळाला प्रवचनाचे मसुदे, मराठी प्रार्थना आणि नंदुरबार भागातून बोर्डिंगसाठी (चर्चच्या वसतिगृहासाठी) येणाऱ्या अर्जांची छाननी एआयकडून करून घ्यायची आहे. चर्चला ते चालतं का, आणि यात ‘मानवी प्रतिष्ठा’ कुठून आली?

सरसकट हरकत नाही. तुम्ही सांगितलेली तीन कामं मात्र एका पारड्यात बसत नाहीत.

आधी प्रतिष्ठेचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. २८ जानेवारी २०२५ ला व्हॅटिकनच्या श्रद्धा-सिद्धांत आणि संस्कृती-शिक्षण या दोन विभागांनी मिळून ‘अँटिक्वा एट नोव्हा’ हे ११७ परिच्छेदांचं टिपण काढलं. नावाचा अर्थ ‘जुनं आणि नवं’. मत्तय १३:५२ मधला घरधनी आपल्या भांडारातून नवंजुनं बाहेर काढतो, तो संदर्भ. त्यातला कळीचा मुद्दा असा की एआय हा मानवी बुद्धीचा दुसरा प्रकार नाही, मानवी बुद्धीनं घडवलेली वस्तू आहे. माणसाची किंमत तो किती हुशार, किती कामाचा यावर ठरत नाही. तशी ठरवली, तर स्मरणशक्ती गेलेल्या आजीपेक्षा मोबाइलमधला चॅटबॉट मोठा ठरेल. एप्रिल २०२४ मधल्या ‘डिग्निटास इन्फिनिता’ या व्हॅटिकनच्याच दस्तऐवजानं प्रतिष्ठेचे चार अर्थ वेगळे केले: अस्तित्वाची, नैतिक, सामाजिक आणि जगण्याच्या परिस्थितीशी जोडलेली. पुढच्या तीन कमीजास्त होऊ शकतात. पहिली माणूस असण्याबरोबरच येते आणि कोणी काढून घेऊ शकत नाही. म्हणून ‘यंत्र विचार करतं का’ या वादात फार वेळ घालवू नका. यंत्रानं एखाद्याबद्दल काही ठरवलं, तर त्या माणसासमोर बसून उत्तर कोण देणार, हे आधी ठरवा.

प्रवचन. चर्चच्या कायद्यातलं कलम ७६७ सांगतं की मिस्सातलं (चर्चमधल्या मुख्य उपासनेतलं) प्रवचन धर्मगुरू किंवा डीकननंच (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरचा दीक्षित सेवक) करायचं. संदर्भ शोधायला, वाचनांची पार्श्वभूमी समजून घ्यायला फादरांनी एआय वापरलं तर बिघडत नाही. तयार मसुदा वाचून दाखवला की बिघडतं. त्यात त्या आठवड्यात गावात कोण वारलं, केळीच्या बागा वादळात कशा आडव्या झाल्या, हे नसतं. शिवाय संतांच्या तोंडी न बोललेली वाक्यं घालायची या यंत्रांना खोड आहे. प्रत्येक अवतरण मूळ पुस्तकात सापडलं तरच ठेवा.

प्रार्थनांचं भाषांतर करायचं असेल, तर इंग्रजीतून यंत्राला दिलेल्या मजकुरात ‘मास’चं (म्हणजे मिस्साचं) ‘वस्तुमान’ आणि ‘होस्ट’चं (मिस्सातल्या पवित्र भाकरीचं) ‘यजमान’ झालंय का ते आधी बघा. दुसरा घोळ लवकर दिसत नाही: कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट मराठीतले शब्द यंत्र एकमेकांत मिसळतं. मिस्साच्या विधीतला मजकूर तर मंजूर भाषांतराशिवाय वापरताच येत नाही. कलम ८३८ नुसार ते काम बिशप परिषदेचं. युवक मेळाव्याची प्रार्थना, सूचनाफलक, नाटकाचा मसुदा यांना मोकळीक आहे. अहिराणीत करायचं असेल तर बोलणाऱ्या माणसाकडूनच लिहून घ्या. ‘माले समजस नही’ एवढं साधं वाक्यही आवाज ओळखणारी अ‍ॅपं प्रमाण मराठीच्या साच्यात कोंबू पाहतात.

पापनिवेदन आणि समुपदेशनात चॅटबॉट नको. पापक्षमा फक्त धर्मगुरू देऊ शकतो (कलम ९६५). एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतल्या ‘कॅथलिक आन्सर्स’ या संस्थेनं ‘फादर जस्टिन’ नावाचं एआय पात्र आणलं होतं. वापरणाऱ्यांनी त्याच्याकडून चक्क पापक्षमेचे शब्द वदवून घेतले आणि थोड्याच दिवसांत त्याची ‘फादर’की काढावी लागली. यंत्राला माणूस म्हणून उभं करणं टाळा, असं ते ११७ परिच्छेदांचं टिपण बजावतं. फसवण्यासाठी तसं करणं तर नीतीचा गंभीर भंगच मानतं.

आता बोर्डिंगचे अर्ज. माझ्या मते खरी जोखीम इथं आहे, आणि तुम्ही तिला सगळ्यात हलकं काम समजताय. सातपुड्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मुलांची हजेरी तेव्हा तुटते. हजेरीवरून ‘टिकेल की नाही’ असा अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर नेमकं त्यांनाच खाली ढकलेल, म्हणजे बोर्डिंगची ज्यांना सगळ्यात जास्त गरज त्यांनाच. आडनाव, गाव, बोलीभाषा हे रकाने काढले तरी हजेरी आणि पिनकोड मागच्या दारानं तीच माहिती आत आणतात.

म्हणून आधी चाचणी घ्या. निकाल ठाऊक असलेले मागच्या वर्षांचे ३०-४० अर्ज नावं काढून द्या, आणि यंत्रानं नाकारलेला प्रत्येक कागद दोघांनी स्वतंत्रपणे वाचा. नाकारलेल्यांत स्थलांतर करणारी कुटुंबं जास्त निघाली, तर ते साधन बाजूला ठेवा. रकान्यांची डागडुजी करत बसू नका. चाचणीत टिकलं तरी यंत्राकडून फक्त कागदपत्रं पूर्ण आहेत का एवढंच तपासून घ्या. प्रत्येक नकारावर दोन ओळींचं कारण एका माणसानं मराठीत लिहावं, खाली सही करावी आणि पालकांना फेरविचारासाठी १५ दिवस द्यावेत. ‘कॉम्प्युटरनं नाही म्हटलं’ हे कारण धरू नये.

खऱ्या मुलांची माहिती फुकट चॅटबॉटमध्ये टाकूच नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचे सगळे ‘बालक’ धरले आहेत आणि त्यांच्या माहितीला पालकांची पडताळता येणारी संमती हवी असं त्यात म्हटलं आहे. बाप्तिस्मा नोंदवहीचे फोटोही त्याच कारणानं अपलोड करू नका. त्या वहीत आईवडिलांची आणि साक्षीदारांची नावंही असतात.

एआय नैतिक मार्गानं वापरण्याच्या २०२० च्या ‘रोम कॉल’ या जाहीरनाम्यावर मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम यांच्या सह्या आहेत, म्हणून त्यांची साधनं ‘चर्चमान्य’ ठरत नाहीत. दुकानदार तसं सांगेल, ऐकू नका.

अर्जांचं काम सुरू करण्याआधी फादरांकडून एक पानी नियम लिहून घ्या: कोणतं साधन, कोणत्या कामाला, कोण तपासणार, माहिती किती दिवसांनी पुसणार. खानदेश नाशिक धर्मप्रांतात (नाशिकच्या बिशपांच्या अखत्यारीत) येतो, तेव्हा ते पान नाशिकच्या बिशपांच्या कार्यालयाला दाखवून मग अर्ज उघडा.