माडीसाठी पीएफ काढू का?

बेळगावातल्या शहापूरच्या एका वाचकांनी ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाच्या काळात, वहीच्या चार पानांचे फोटो पाठवले. पत्र आणि उत्तर तेव्हाचं आहे, त्यातले भाव, नियम आणि सवलतीही तेव्हाच्याच. थोडक्यात मजकूर असा:

"वय ४२, उद्यमबागेत एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे. हातात २१,५०० येतात. एप्रिलचा पगार निम्मा झाला, मेमध्ये साठ टक्के मिळाला. जूनपासून पूर्ण आहे, पण ओव्हरटाइम बंद. घरात आई-वडील, बायको, दोन मुलं. मेअखेर धाकटा भाऊ बायको-पोराला घेऊन पुण्याहून आला. सीमेवरचा कोगनोळी नाका, मग शाळेत क्वारंटाइन, मग घर. आता नऊजण. सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे वडिलांच्या दोन यंत्रमागांची शेड, एवढीच जागा. वर एक खोली, बाथरूम आणि जिना याचं गवंड्याने ४ लाख ७५ हजारांचं एस्टिमेट दिलंय. पीएफमधून २ लाख ९० हजार, वडिलांची पतसंस्थेतली १ लाख २० हजारांची ठेव, राहिलेले ६५ हजार बायकोच्या सोन्यावर. गवंडी म्हणतो, गणपतीआधी दीड लाख द्या, दसऱ्याला काम धरतो. देऊ का?"

नमस्कार. देऊ नका. दीड लाखही नको आणि 'टोकन म्हणून पाच हजार'ही नको.

तुमची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. अडीच महिने नऊ माणसं तीन खोल्यांत कशी राहिली असतील, हे तुमच्या पत्रात ओळीओळीत दिसतं. मुलीची एसएसएलसी, म्हणजे दहावी, २७ मार्चला सुरू व्हायची ती २५ जूनवर गेली आणि तेवढे तीन महिने तिने मागाच्या शेडमध्ये बसून अभ्यास केला, कारण माग बंद होते आणि घरातली तेवढीच जागा शांत होती. परवा १० ऑगस्टला निकाल लागला, ८६ टक्के. तिचं आधी अभिनंदन सांगा. पेढे दिले नसतील तर माझ्या नावावर पाव किलो कुंदा आणा.

तर माडीकडे वळू. तुमचा बेत पहिल्याच पायरीला अडतो. २८ मार्च २०२० ला केंद्र सरकारने कोरोनासाठी पीएफमधून पैसे काढायची सवलत दिली, त्यातला '७५ टक्के' हा आकडा सगळ्यांच्या लक्षात राहिला. पुढचे शब्द कोणी वाचत नाही: शिल्लकीच्या ७५ टक्के किंवा तीन महिन्यांचा मूळ पगार (बेसिक) आणि महागाई भत्ता (डीए), यांत *जे कमी* असेल ते. तुमच्या पगारपत्रकावर बेसिक आणि डीए मिळून १४,००० आहे. तीन महिन्यांचे ४२,०००. खात्यात ३ लाख ९० हजार असोत की दहा लाख, या सवलतीत तुम्हाला ४२ हजारच मिळणार.

घर वाढवण्यासाठी पीएफमधून वेगळी रक्कम मिळते, हे तुमच्या एचआरने सांगितलं ते खरं आहे. पण त्यासाठी घर तुमच्या, तुमच्या पत्नीच्या किंवा दोघांच्या नावावर हवं. तुमचं घर वडिलांच्या नावावर आहे. म्हणजे तो रस्ताही बंद.

आता बेरीज करू. पीएफचे ४२ हजार, ठेवीचे १ लाख २० हजार. चार तोळे सोनं आहे. बावीस कॅरेटचा आजचा (ऑगस्ट २०२०) भाव तोळ्याला पन्नास हजारांच्या आसपास धरला तर दोन लाखांचं सोनं झालं. रिझर्व्ह बँकेने ६ ऑगस्टला बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली आहे, तेव्हा सगळं सोनं ठेवलंत तरी जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. एकूण ३ लाख ४२ हजार. घरातला शेवटचा मणी गहाण ठेवूनसुद्धा १ लाख ३३ हजार कमीच. ते कुठून आणाल ते मला माहीत आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर शेकडा तीन रुपयांनी देणारे उभे असतात.

आणि हे ४ लाख ७५ हजार तरी खरे आहेत का? एस्टिमेटचा कागद मी दोनदा वाचला. त्यात विटा आहेत, स्लॅब आहे, फरशी आहे, टाकी आहे. भार घेणारे कॉलम, म्हणजे खांब, कुठे आहेत? तुम्हीच लिहिलंय की मूळ घर मातीतल्या दगडी भिंतींचं आहे आणि गेल्या वर्षी ऑगस्टच्या पुरात बळ्ळारी नाल्याचं पाणी दोन दिवस कमरेइतकं होतं. त्या भिंतीचा गिलावा अजून फुगलेला आहे, अंगठ्याने दाबला तर आत जातो, हेही तुमचंच वाक्य. अशा भिंतीवर स्लॅब चढवायचा? एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला दोन-तीन हजार देऊन भिंत दाखवा. तो कॉलम घालायला सांगेल आणि एस्टिमेट सहा-साडेसहाच्या घरात जाईल. महापालिकेच्या परवानगीचा खर्च त्या कागदावर नाहीच. गवंडी वाईट माणूस आहे असं नाही. त्याचंही काम मार्चपासून बंद होतं, त्यालाही गणपतीला घरात चार पैसे हवेत. पण त्याची अडचण तुमच्या पीएफने सोडवायची नाही.

भावाचा विषय तुम्ही एका ओळीत उरकलाय: "खोली त्याला देऊ, तो परत गेला तर मुलीला." पैसे तुमचे, घर वडिलांचं, राहणार भाऊ. आज तुम्ही दोघं एका ताटात जेवता, म्हणून हे आजच बोलायला हवं. त्यात तुमची बहीण गडहिंग्लजला दिलेली आहे. जागा आजोबांकडून आलेली, म्हणजे वडिलोपार्जित असेल, तर परवाच, ११ ऑगस्टला, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की मुलीचा हक्क मुलाइतकाच, आणि २००५ साली कायदा बदलला तेव्हा वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. तुमचे पाच लाख ज्या विटांत जातील त्या विटा तिघांच्या वाटणीत येतील. बहीण मागेल असं मी म्हणत नाही. पण माडी कोणाच्या पैशाने चढली याचा कागद नसला की पंधरा वर्षांनी जावयांना, सुनांना ते कोण सांगणार? वडिलांच्या समोर तिघं बसा, वकिलाकडून लिहून घ्या, मगच पुढे कधी बांधायचं ते बघा.

आता मला तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ. ती तुमची नाही. चौथ्या पानाच्या तळाला वेगळ्या अक्षरात, पेन्सिलने लिहिलेली आहे: "मला खोली नको. आतून कडी लागेल असं एक दार पाहिजे." ती वहिनींनी, म्हणजे तुमच्या पत्नीने लिहिलीय, आणि ती तुम्ही पुसली नाहीत, फोटोत तशीच ठेवलीत, याबद्दल तुमचं कौतुक.

वहिनी एप्रिलपासून उद्यमबागेतल्या खोल्यांवर राहणाऱ्या मुलांना रोज शंभर-सव्वाशे पोळ्या करून देतात. पीठ-गॅस वजा जाऊन महिन्याला सहा-सात हजार. या घरात टाळेबंदीत वाढलेली मिळकत ही एकच आहे. आणि ती पहाटे चार वाजता अशा स्वयंपाकघरात होते, जिथे सासूबाई झोपलेल्या असतात, जिथून मोरीला जायची वाट आहे आणि जिथे मुलाचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला की लाटण्याचा आवाज बंद ठेवावा लागतो.

जागा तुमच्याकडे आहे. शेड बारा बाय बावीस, विटांची, वर पत्रा. दोन मागांपैकी एक गणपती-दसऱ्याच्या साड्यांसाठी पुन्हा चालू झालाय. दुसरा गेल्या दिवाळीपासून बंद आहे आणि त्याच्यावर सध्या कपडे वाळतात. मागाच्या खडखडाटाशेजारी कोणी झोपू शकत नाही, अभ्यास तर नाहीच. पण स्वयंपाक होतो. बंद माग खोलून त्याचे भाग भिंतीकडेला लावा आणि मोकळ्या झालेल्या बाजूला वहिनींचं स्वयंपाकघर करा, परसातून वेगळं दार देऊन. म्हणजे आत्ताचं स्वयंपाकघर मोकळं होईल. त्याला दार आणि कडी. रात्री ती खोली मुलीची, दुपारी ज्याला पाठ टेकायची असेल त्याची.

मधली भिंत मात्र पत्र्यापर्यंत पूर्ण विटांची घ्या. प्लायवूड किंवा साडीचा पडदा चालणार नाही. मागाभोवती सुताचा जो भुसा उडतो तो गॅसच्या शेगडीशेजारी भडकतो. मागाच्या मीटरवरून स्वयंपाकघरात बोर्ड ओढू नका. ती सवलतीची वीज आहे, वीज कंपनीचा, हेस्कॉमचा माणूस आला तर दंड वडिलांच्या नावावर लागेल. भिंत, दार, ओटा, नळ, वायरिंग असं सगळं धरून ३५ ते ४० हजारांत व्हावं. पावसातही करता येईल, कारण वर पत्रा आहेच.

यातला अवघड भाग पैशाचा नाही. ६८ वर्षांच्या माणसाला 'तुमचा माग खोलतो' हे कसं सांगायचं? 'विकू' हा शब्द काढू नका. विकायचाही नाही, आज भंगारवाला किलोवर घेईल आणि उद्या सुताचा धंदा सावरला तर तसा माग त्या पैशात मिळणार नाही. खोलायचं काम त्यांच्याच हातून होऊ दे. नटबोल्ट कुठल्या डब्यात ठेवायचे हे त्यांनाच माहीत असणार. माझे सासरे वडगावचे, त्यांच्याकडेही माग होते, त्यामुळे हे जरा घरच्यासारखं सांगतोय.

पैसे वडिलांच्या ठेवीतून घ्या. शेड त्यांची, घर त्यांचं, ठेवही त्यांची. सप्टेंबरात मुदत संपतेय, पुन्हा ठेवू नका. ४ फेब्रुवारीपासून ठेवींचा विमा एक लाखावरून पाच लाख झाला, पण तो बँकांना, त्यात सहकारी बँकाही आल्या. पतसंस्था आणि सौहार्द संस्थांना (कर्नाटकातल्या तशाच सहकारी संस्था) तो लागू नाही. साडेनऊ टक्के व्याज का देतात, याचं उत्तर त्यातच आहे. माझ्या आत्याचे पैसे अशाच एका संस्थेत अडकले. मॅनेजर ओळखीचा, गल्लीतला, दर दिवाळीला कॅलेंडर घरी आणून देणारा. आत्या अजून दर महिन्याच्या एक तारखेला पासबुक घेऊन जाते. चाळीस हजार शेडला, उरलेले ८० हजार वडिलांच्या नावाने बँकेत एक वर्षाच्या ठेवीत. व्याज साडेतीन टक्क्यांनी कमी येईल, म्हणजे वर्षाला २,८०० रुपये. ते गेले तर जाऊ देत.

तुमच्या बचत खात्यातले ७० हजार हलवायचे नाहीत. त्यातून फक्त एक गोष्ट: मुलीला आठ-नऊ हजारांचा फोन. नऊ माणसांत दोन मोबाईल, त्यातला एक तुमच्याबरोबर कारखान्यात जातो; पीयूसी सायन्सचे, म्हणजे अकरावीचे, वर्ग ती कशावर बघणार?

पुराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या दोन लाखांच्या कर्जाचे हप्ते तुम्ही मार्चपासून थांबवलेत आणि 'सहा महिने सुटले' असं लिहिलंय. सुटले नाहीत. साडेबारा टक्क्यांनी या सहा महिन्यांचं व्याज सुमारे बारा हजार होतं आणि ते मुद्दलात जाऊन बसलंय. हप्ता ४,५०० च ठेवलात तर शेवटाला जवळपास पाच हप्ते जास्तीचे भरावे लागतील. व्याजावरच्या व्याजाचं प्रकरण सध्या (ऑगस्ट २०२०) सर्वोच्च न्यायालयात आहे, पण त्याच्या आशेवर थांबू नका. ३१ ऑगस्टला सवलत संपते, सप्टेंबरपासून हप्ता कापला जाईल. पोळ्यांच्या पैशातून दर महिन्याला हजार रुपये जादा भरता येतात का ते बँकेत विचारा. आणि भावाला काम लागेपर्यंत राहू द्या, पण लागलं की महिन्याला दोन हजार तरी घरात द्यायला सांगा. तुम्हाला मागवत नसेल तर आईला सांगू द्या.

सोनं कपाटात राहू दे. पीएफचे ४२ हजारही. कारखान्यात पुन्हा निम्मा पगार झाला, तर तेव्हा अर्ज करा.

एक गोष्ट तुम्ही विचारलीच नाही. पगार २१ हजारांच्या वर गेला तेव्हा तुमचं ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, बंद झालं, त्यानंतर आरोग्य विमा काढलेला दिसत नाही. तुम्ही रोज शंभर माणसांत जाता आणि संध्याकाळी नऊजणांत परत येता. जुलै २०२० पासून 'कोरोना कवच' पॉलिसी मिळतेय, साडेनऊ महिन्यांचीही आहे. तुम्ही आणि वहिनी या आठवड्यात काढा. आई-वडिलांना वयामुळे ती बसत नाही. त्यांचं रेशनकार्ड बीपीएल आहे ना? मग आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकचं कार्ड सरकारी दवाखान्यात जाऊन करून घ्या, आधार आणि रेशनकार्ड सोबत न्या.

माडीचं पुढच्या मार्चनंतर बघू. तोपर्यंत भाऊ पुण्याला जातो की इथेच राहतो ते कळेल, भिंत वाळलेली असेल आणि इंजिनिअरचा कागद हातात असेल. तो आला की फोटो पाठवा. गवंड्याला शेडच्या भिंतीचं काम द्या, रोजंदारीवर, म्हणजे त्यालाही नाराज केल्यासारखं होणार नाही. कडी कुठल्या बाजूला बसवायची ते मात्र वहिनींना विचारून घ्या.