एक ‘पर्यंत’, तीन वाटा

इंग्रजी शिकताना अडणाऱ्या शब्दांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांतून या अंकासाठी पाच प्रश्न निवडले आहेत. त्यांपैकी पहिला प्रश्न निरनिराळ्या शब्दांत अनेकांनी विचारलेला असल्यामुळे त्याला अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते. परदेशातील एका ग्राहकाला मी ‘प्लीज सेंड द पेपर्स टिल फ्रायडे’ असे कळवले. त्यावर, ‘कागद रोज पाठवत राहायचे आहेत काय?’ अशी त्यांच्याकडून विचारणा झाली. माझे काय चुकले? (वाचक, सिडको)

उत्तर : आपले वाक्य मराठीत मनात आले तेव्हा ते अगदी निर्दोष होते. ‘शुक्रवारपर्यंत कागद पाठवा’ या वाक्यात कोणाही मराठी माणसाला संशय येणार नाही. अडचण अशी आहे की आपला ‘पर्यंत’ दोन वेगळी कामे करतो आणि ती वेगळी आहेत हे आपल्याला जाणवत नाही. ‘शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ असे आपण म्हणतो तेव्हा बंद असण्याची स्थिती शुक्रवार येईतो अखंड चालू राहते. ‘शुक्रवारपर्यंत कागद पाठवा’ असे म्हणतो तेव्हा मात्र पाठवण्याची क्रिया एकदाच व्हायची असते. ती सोमवारी झाली काय किंवा गुरुवारी झाली काय, मुदत ओलांडली नाही म्हणजे झाले. मराठीत हा भेद क्रियापदच सांभाळते. ‘राहणे’ लांबणारे आहे आणि ‘पाठवणे’ एका वेळी उरकणारे आहे, त्यामुळे शब्दयोगी अव्यय बदलण्याची आपल्याला गरज भासत नाही. इंग्रजी ही जबाबदारी अव्ययावर टाकते : लांबणाऱ्या स्थितीला ‘टिल’ किंवा ‘अंटिल’ आणि मुदतीला ‘बाय’. आपल्या ग्राहकाने ‘टिल’ वाचले आणि पाठवण्याची क्रिया शुक्रवारपर्यंत चालू ठेवायची आहे, असा अर्थ घेतला. त्यांच्या भाषेच्या दृष्टीने तो अर्थ बरोबरच होता.

यासाठी मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगत आलो आहे. वाक्यातील ‘पर्यंत’ काढून तेथे ‘च्या आत’ घालून पाहावे. ‘शुक्रवारच्या आत कागद पाठवा’ हे वाक्य जमते, म्हणून येथे ‘बाय’. ‘शुक्रवारच्या आत कार्यालय बंद राहील’ हे जमत नाही, म्हणून तेथे ‘टिल’. ‘मी पाचपर्यंत येईन’ यात ‘बाय फाइव्ह’ आणि ‘मी पाचपर्यंत थांबेन’ यात ‘टिल फाइव्ह’ का, हेही याच कसोटीने उलगडते. एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. ‘शुक्रवारच्या आत’ म्हटले की आपल्याकडे पुष्कळांना गुरुवार अखेरचा वाटतो. ‘बाय फ्रायडे’मध्ये सामान्यतः शुक्रवारही धरला जातो. व्यवहाराच्या पत्रात वाद नको असेल तर दिवसाबरोबर वेळही लिहावी. ‘टिल फ्रायडे’मध्ये शुक्रवार येतो की नाही याविषयी तर इंग्रजी भाषकांतही संदिग्धता असते. अमेरिकेत ‘शुक्रवार धरून’ असे निःसंदिग्धपणे सांगायचे झाल्यास ‘थ्रू फ्रायडे’ म्हणतात.

‘पर्यंत’ची तिसरी वाट स्थळाची आहे. ‘मी तुम्हाला नाशिक रोड स्टेशनपर्यंत सोडतो’ याचे ‘टिल द स्टेशन’ असे भाषांतर आपल्याकडे सर्रास ऐकू येते. आपल्याकडे ते समजतेही, पण प्रमाण इंग्रजीत ‘टिल’ प्रामुख्याने काळासाठी वापरतात. जागेसाठी ‘ॲज फार ॲज द स्टेशन’ म्हणावे. सोडण्याविषयी बोलताना तर नुसते ‘टू द स्टेशन’ पुरते.

प्रश्न : मुलाखतीत मला ‘यू हॅवन्ट वर्क्ड इन अ लॅबोरेटरी बिफोर?’ असे विचारले. मी प्रयोगशाळेत काम केलेले नव्हते, म्हणून मी ‘येस’ म्हणालो. त्यानंतर ते मला प्रयोगशाळेतील अनुभवाविषयीच विचारू लागले. (विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर : आपण मराठीत उत्तर दिलेत, फक्त शब्द इंग्रजी होता. ‘तू जेवला नाहीस?’ असे आईने विचारले की आपण ‘हो, अजून नाही’ म्हणतो, आणि जेवण झालेले असेल तर ‘नाही, जेवलो की’ म्हणतो. आपला ‘हो’ विचारणाऱ्याच्या म्हणण्याला मान डोलावतो. आपला ‘नाही’ त्याचे म्हणणे खोडतो. इंग्रजीतील ‘येस’ आणि ‘नो’ विचारणाऱ्याकडे पाहतच नाहीत. त्यांची नजर वस्तुस्थितीवर, म्हणजे आपल्या उत्तराच्या पुढच्या वाक्यावर असते. पुढचे वाक्य होकारार्थी असेल तर ‘येस’, नकारार्थी असेल तर ‘नो’. काम केलेले नाही, म्हणून ‘नो, आय हॅवन्ट’. प्रश्न कितीही उलटसुलट विचारला तरी हे उत्तर बदलत नाही.

मुलाखतीत घाई असते आणि जिभेला सवय मराठीची असते, म्हणून नकारार्थी प्रश्न आला की नुसते एका शब्दाचे उत्तर देऊ नये, पूर्ण वाक्य बोलावे. वाक्य पूर्ण असले की पहिला शब्द चुकला तरी समोरच्याला खरे काय ते कळते.

हा गोंधळ इंग्रजांनाही अपरिचित नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे. जुन्या इंग्रजीत उत्तराचे चार शब्द होते : साध्या प्रश्नाला ‘ये’ आणि ‘ने’, नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ आणि ‘नो’. १५३२ मध्ये थॉमस मोर यांनी बायबलचे भाषांतरकार विल्यम टिंडेल यांना हा भेद न पाळल्याबद्दल दोष दिला होता. पुढे पहिली जोडी व्यवहारातून जवळजवळ गेली आणि नकारार्थी प्रश्नांसाठी असलेलीच जोडी सर्व कामांसाठी उरली.

याच पत्रात आपण ‘डू यू माइंड?’विषयीही विचारले आहे. त्याचा अर्थ ‘चालेल का?’ असा घेतल्यास उत्तर उलटे होते. ‘हरकत आहे का?’ असा घ्यावा, म्हणजे ‘नो’ ही परवानगी ठरते हे मराठीतूनच कळेल.

प्रश्न : आमची द्राक्षे निर्यात होतात. खरेदीदारांच्या कागदांत ‘बेरी साइझ’ असते. द्राक्षाला ‘बेरी’ का म्हणतात? बेरी म्हणजे स्ट्रॉबेरी ना? (शेतकरी, निफाड तालुका)

उत्तर : आपण बागेत ज्याला मणी म्हणता तीच ‘बेरी’, आणि घड म्हणजे ‘बंच’. कागदावर बेरीचा आकार १८ मिलिमीटर लिहिला असेल तर ते मण्याचे माप आहे. वनस्पतिशास्त्राच्या व्याख्येने द्राक्ष ही अस्सल बेरी आहे. उलट स्ट्रॉबेरी नावात बेरी असूनही त्या व्याख्येत बसत नाही. रोजच्या बोलण्यात मात्र द्राक्षाला कोणी बेरी म्हणणार नाही, तेथे ‘ग्रेप’ हाच शब्द. तो बहुधा अनेकवचनी, ‘ग्रेप्स’ असा येतो, कारण खाणारा एकच मणी क्वचित खातो.

आपल्या मणी आणि घड या जोडीमुळे मला ‘ग्रेप’चा पूर्वेतिहास सांगावासा वाटतो. इंग्रजीने हा शब्द जुन्या फ्रेंचमधून घेतला, आणि तेथे त्याचा अर्थ घड असा होता. फ्रेंचमध्ये द्राक्षाला ‘रेझँ’ म्हणतात. तोच शब्द इंग्रजीत ‘रेझिन’ होऊन वाळवलेल्या द्राक्षाला लागला. म्हणजे घडाचे नाव मण्याला मिळाले आणि मण्याचे नाव सुकामेव्याच्या डब्यात गेले. येथे मराठी अधिक बारकाईने बोलते. बेदाणे आणि मनुका हा भेद आपल्या घरात लहान मुलालाही ठाऊक असतो. इंग्रजीत दोन्हींना ‘रेझिन’ म्हणून चालते. ब्रिटनमध्ये फिकट, बिनबियांच्या बेदाण्याला ‘सल्ताना’ म्हणतात, तेव्हा त्या देशाशी व्यवहार करताना हा शब्द माहीत असावा.

प्रश्न : ‘डूलॅली’ हा इंग्रजी शब्द आमच्या गावावरून आला, हे खरे आहे काय? तो वापरावा काय? (वाचक, देवळाली कॅम्प)

उत्तर : खरे आहे. ब्रिटिश काळात देवळाली येथे लष्कराची छावणी होती आणि मायदेशी परतणारे गोरे सैनिक जहाजाची वाट पाहत तेथे थांबत. सैनिकांची जहाजे ठरावीक हंगामातच सुटत असल्याने चुकीच्या वेळी मुदत संपलेल्या सैनिकाला अनेक महिने काम नसताना काढावे लागत. कंटाळा, उन्हाळा आणि आजारपण यांनी काहींचे मन ढळले. त्या अवस्थेला सैनिक ‘डूलॅली टॅप’ म्हणू लागले. त्यातील ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. पुढे ताप गळून पडला आणि नुसते गावाचे नाव ‘वेडसर’ या अर्थाने ब्रिटिश बोलीत राहिले.

वापराविषयी माझे मत स्पष्ट आहे. हा शब्द घरगुती बोलीतला आहे, अर्जात किंवा कार्यालयीन पत्रात त्याला जागा नाही. मनाच्या आजाराने त्रस्त असलेल्या माणसाविषयी तर तो बोलीतही वापरू नये. वाचताना समजला म्हणजे पुरे.

प्रश्न : मुलाच्या परदेशी सहकाऱ्याच्या घरून निघताना मी नमस्कार करून ‘आय ॲम कमिंग’ म्हटले. त्या बाई दार उघडे ठेवून उभ्याच राहिल्या. (वाचक, पंचवटी)

उत्तर : निघताना ‘जाते’ म्हणू नये, ‘येते’ म्हणावे, हे आपल्यावर लहानपणापासून बिंबलेले असते. ‘जाणे’ या शब्दाची अशुभ छाया दाराशी पडू नये, ही त्यामागची भावना आहे. इंग्रजीत तो संकेत नाही. ‘आय ॲम कमिंग’ म्हणजे आपण या क्षणी त्यांच्याकडे येत आहात. आतून कोणी हाक मारली आणि आपण ‘आले हं’ म्हटले, तर तेथे ‘कमिंग’ अचूक बसते. निरोप घेताना ‘आय शुड बी गोइंग’ म्हणण्यात इंग्रजी कानाला काहीच खटकत नाही. तरीही तो शब्द तोंडातून काढणे आपल्याला जड जात असेल, आणि ते मी समजू शकतो, तर ‘सी यू सून’ म्हणावे. त्यात पुन्हा भेटीचा उल्लेख आहे आणि जाण्याचा नाही.