इंग्रजीचे काळ पाठ आहेत, आता निवडायला शीक

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली इंग्रजी निबंधाची दोन पानं पेन्सिल हातात घेऊन सावकाश वाचली. सोबत तू लिहिलंयस, "मॅडम, माझं ग्रामर मुळातच कच्चं आहे, मराठी मीडियममुळे राहून गेलं. अगदी पहिल्यापासून सुरू करू का?" आधी याचंच उत्तर देते. नको. नाम, सर्वनाम, क्रियापद यांच्या व्याख्या पुन्हा घोकण्यात एस.वाय.चं अख्खं वर्ष जाईल आणि तुझी वाक्यं आहेत तिथेच राहतील.

दहावीच्या पेपरातलं 'डू ॲज डायरेक्टेड' आठव. वाक्य छापून आलेलं असायचं, सूचनाही छापून आलेली असायची. पॅसिव्ह करा, इनडायरेक्ट करा, 'टू' काढून 'सो... दॅट' घाला. त्यात तुझे मार्क कधी गेले नसणार. आपल्याकडे मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं. आमच्या पिढीच्या वाट्याला ते पाचवीत यायचं. म्हणजे बारावीपर्यंत तू बारा वर्षं हा विषय शिकलीस. पण एवढ्या काळात वाक्य बहुतेक वेळा दुसऱ्याचंच होतं. इथे कोणता काळ घेऊ, 'द' लावू की नको, हे ठरवायची वेळ तुझ्यावर फारशी आलीच नाही. आता निबंधात, प्रयोगाच्या जर्नलमध्ये, उद्या इंटरव्ह्यूत ते ठरवणं तुझ्याकडे आलंय आणि तिथे तू अडतेस. इंटरमीजिएट पातळी म्हणतात ती हीच. कौन्सिल ऑफ युरोपने २००१ मध्ये भाषेच्या पातळ्यांची चौकट प्रसिद्ध केली. त्यात बी-वन पातळीच्या माणसाकडून काय अपेक्षा आहे, तर आपले अनुभव, घडलेले प्रसंग, मनातली स्वप्नं सांगता यावीत आणि आपल्या मतामागची कारणं थोडक्यात देता यावीत. व्याख्या म्हणून दाखवा असं त्यात कुठेही नाही.

आता तुझं पान उघड. पहिल्याच परिच्छेदात ओळीने वाक्यं आहेत: 'आय हॅड गॉन टू माय मामाज व्हिलेज इन मे', 'वी हॅड ईटन मँगोज', 'माय कझिन हॅड टॉट मी स्विमिंग'. प्रत्येकात 'हॅड'. हे कुठून आलं? आपण बोलताना सहज म्हणतो, मे महिन्यात मामाकडे गेले होते, खूप आंबे खाल्ले होते. मराठीतलं हे 'होते' गोष्ट मागे पडली एवढंच सांगतं, आणि मराठीत ते अगदी बरोबर आहे. इंग्रजीतलं 'हॅड' मात्र भूतकाळातल्या एका क्षणाच्याही आधी जे घडलं त्याच्यासाठी राखून ठेवलेलं आहे. 'व्हेन वी रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.' आम्ही स्टँडवर पोचलो हा एक क्षण, गाडी सुटली ती त्याच्या आधी. असा दुसरा क्षण वाक्यात किंवा आजूबाजूला नसेल तर वाचणारा वाट बघत राहतो की हे नेमकं कशाच्या आधी घडलं? तुला तिथे साधं 'आय वेन्ट', 'वी एट', 'माय कझिन टॉट मी टू स्विम' एवढंच हवं होतं.

आणि गंमत बघ, त्याच परिच्छेदात एका ठिकाणी 'हॅड' खरोखर हवं होतं, तिथे तू ते घातलं नाहीस. 'आय वॉज अफ्रेड बिकॉज आय नेव्हर स्वॅम इन अ रिव्हर.' भीती वाटली तो क्षण, आणि त्याच्या आधी कधीच नदीत पोहले नव्हते. 'आय हॅड नेव्हर स्वम.' या 'हॅड'चा, म्हणजे पास्ट परफेक्टचा, नियम विचारला असता तर तू घडाघडा सांगितला असतास. जागा ओळखायची राहिली, एवढंच.

या चुका मला हलगर्जीपणाच्या वाटत नाहीत. पिट कॉर्डर या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने १९६७ मध्येच मांडलं होतं की शिकणाऱ्याच्या चुका हा पुरावा असतो, त्याच्या डोक्यात नवी भाषा कशी रचली जातेय याचा. पुढे १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर यांनी या मधल्या अवस्थेतल्या भाषेला 'इंटरलँग्वेज' असं नाव दिलं. ती मातृभाषा नसते आणि शिकायची भाषाही अजून झालेली नसते, पण तिला स्वतःचे नियम असतात. सेलिंकर यांनी एक इशाराही दिला. यातल्या काही चुका लक्ष दिलं नाही तर घट्ट होऊन बसतात आणि पुढे वर्षानुवर्षं हलत नाहीत. म्हणून मी तुला घाई करतेय. तुझ्या चुका अजून ओल्या आहेत.

काळाच्याच बाबतीत आणखी एक. 'मी तीन वर्षांपासून या गावात राहते' हे मराठीत वर्तमानकाळात चालतं, म्हणून तू लिहिलंस 'आय लिव्ह हिअर सिन्स थ्री इयर्स'. सुरुवात मागे झालेली आणि गोष्ट अजून चालू आहे, अशा वेळी इंग्रजीला 'हॅव लिव्ह्ड' किंवा 'हॅव बीन लिव्हिंग' लागतं. आणि आपलं एकच 'पासून' तिथे दोन कामांत वाटलं जातं: किती काळ ते 'फॉर', केव्हापासून ते 'सिन्स'. 'फॉर थ्री इयर्स', पण 'सिन्स जून'. उलट 'मी कालच आलेय' यातलं 'आलेय' बघून 'आय हॅव कम येस्टरडे' लिहू नकोस. 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'इन मे' अशी संपलेली वेळ वाक्यात आली की 'हॅव' बाहेर. तुझ्या दोन पानांतल्या निम्म्या चुका काळाच्या या दोन-तीन जागांत बसतात, म्हणून इथे एवढं रेंगाळले.

'अ' आणि 'द' यांनीही तुला बरंच छळलंय. मराठीत आर्टिकल नाही म्हणून आपल्याला ते कधीच जमणार नाही, असं मुलं म्हणतात. मला ते पटत नाही. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हण: 'टेबलावर पुस्तक आहे.' 'पुस्तक टेबलावर आहे.' पहिल्यात कुठलं तरी एक पुस्तक, ऐकणाऱ्याला नवीन. दुसऱ्यात आपण ज्याच्याबद्दल बोलत होतो ते. 'देअर इज अ बुक ऑन द टेबल' आणि 'द बुक इज ऑन द टेबल'. जो फरक इंग्रजी 'अ' आणि 'द' लावून दाखवतं, तोच आपण शब्दाची जागा बदलून दाखवतो, आणि तो तू बोलायला लागल्यापासून करत आलीस. तेव्हा नामापुढे थांबलीस की नियमांची यादी आठवत बसू नकोस. स्वतःला विचार, समोरच्याला कळेल का मी नेमकं कुठल्याबद्दल बोलतेय? कळत असेल तर 'द'. कळत नसेल आणि वस्तू मोजण्यासारखी, एकच असेल तर 'अ'. मोजता न येणारी असेल किंवा एकूणच त्या जातीबद्दल अनेकवचनात बोलायचं असेल तर काहीच नको: 'मिल्क इज कॉस्टली', 'मँगोज आर स्वीट'. याने सगळं सुटणार नाही. नद्यांना 'द' लागतो आणि गावांना नाही, असल्या गोष्टी वाचता वाचताच अंगवळणी पडतात. पण तुझ्या पानावरच्या बहुतेक जागा या प्रश्नाने सुटल्या, मी करून बघितलं. 'ॲन' मात्र कानाने ठरव, स्पेलिंगकडे बघून नाही. 'ॲन अवर', 'अ युनिव्हर्सिटी', आणि तुझ्या रोजच्या प्रवासाची 'ॲन एसटी बस'.

तू सायन्सची आहेस, म्हणून पॅसिव्हबद्दल थोडं वेगळं सांगते. जर्नलमध्ये तू लिहिलंस, 'हीटेड द टेस्ट ट्यूब फॉर फाइव्ह मिनिट्स'. मराठीत 'परीक्षानळी पाच मिनिटं तापवली' असं लिहिलं की काम झालं. कोणी तापवली ते गाळता येतं आणि क्रियापद निमूटपणे नळीच्या मागे जातं. इंग्रजी विधानाला कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. म्हणून ती नळीच उचलून तिथे बसवायची: 'द टेस्ट ट्यूब वॉज हीटेड फॉर फाइव्ह मिनिट्स'. शाळेत पॅसिव्ह म्हणजे वाक्य उलटं करायचा खेळ होता. 'राम किल्ड रावण'चं 'रावण वॉज किल्ड बाय राम' करून काय मिळालं ते कुणी सांगितलं नाही. तुझ्या प्रयोगवहीत त्याला खरं काम आहे. कोणी केलं हे महत्त्वाचं नाही, काय केलं हे महत्त्वाचं आहे, तेव्हा पॅसिव्ह. निबंधात मामाने आंबे दिले असतील तर सरळ 'माय मामा गेव्ह अस मँगोज' लिही.

जर-तरच्या वाक्यांत तुझा मराठी कान एकदा मदत करतो आणि एकदा दगा देतो. 'पाऊस पडला तर मी येणार नाही' यात जरच्या बाजूला आपणही भविष्यकाळ घालत नाही. मग 'इफ इट विल रेन' कशाला? 'इफ इट रेन्स, आय वोन्ट कम.' पण 'मला माहीत असतं तर मी आले असते' यात आपण दोन्हीकडे 'असतं-असते' ठेवतो, आणि तू त्याच ओघात दोन्हीकडे 'वुड हॅव' लिहून मोकळी झालीस. इंग्रजीत 'वुड हॅव' फक्त तरच्या बाजूला: 'इफ आय हॅड नोन, आय वुड हॅव कम.'

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. 'आय डोन्ट नो व्हेअर डज ही लिव्ह' नाही, 'व्हेअर ही लिव्ह्ज'; प्रश्न पोटात गेला की त्याची उलटापालट बंद. 'वन ऑफ माय फ्रेंड्स', अनेकातली एक म्हणून 'फ्रेंड्स', आणि क्रियापद मात्र त्या 'वन'चं: 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ह्ज इन सातारा'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' नको. 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस', 'फर्निचर', 'इक्विपमेंट' यांना 'एस' लावू नकोस. प्रीपोझिशनचे तक्ते पाठ करण्यात वेळ घालवू नकोस. क्रियापद शिकशील तेव्हाच त्याच्यापुढे येणारा शब्द सोबत शिक.

यासाठी तुला एक चांगला शब्दकोश लागेल, पण इंग्रजी-मराठी नव्हे. ए. एस. हॉर्नबी नावाचे इंग्रज शिक्षक जपानमध्ये शिकवायचे. तिथल्या मुलांना काय अडतं ते बघून त्यांनी सहकाऱ्यांसोबत इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी कोश केला, आणि १९४८ मध्ये तो ऑक्सफर्डने छापला. त्या पठडीतले कोश आजही निघतात आणि इंटरनेटवर फुकट बघता येतात. अर्थ वाचून बंद करू नकोस. नाम मोजता येतं की नाही, क्रियापदापुढे 'टू' येतं की 'आयएनजी', हे तिथे दिलेलं असतं. 'एन्जॉय' काढून बघ, 'एन्जॉय टू प्ले' तू पुन्हा लिहिणार नाहीस.

अभ्यासाची पद्धत म्हणशील तर, एक शंभर पानी वही घे. डाव्या पानावर तुझं चुकलेलं वाक्य जसंच्या तसं लिही, खाली ते मराठीत तू कसं म्हटलं असतंस ते लिही. उजव्या पानावर दुरुस्त वाक्य, आणि त्याच साच्यात स्वतःच्या आयुष्यातली तीन वाक्यं. पुस्तकातली उदाहरणं उतरवू नकोस. मोबाइलवरचं दुरुस्तीचं ॲप वापरतेस हे माहीत आहे, वापर, पण आधी स्वतः लाल पेनने पान तपास आणि मग त्याला दाखव. त्याने आधीच सगळं सरळ करून दिलं तर कुठे अडलं होतं ते तुला कधी दिसणारच नाही. आणि रोज थोडं इंग्रजी वाच, पेपरातली एक बातमी चालेल. त्यात 'हॅड' दिसलं की थांब आणि शोध, कशाच्या आधी?

मराठी मीडियमबद्दल पुन्हा असं लिहू नकोस. वर मी जे जे समजावलं ते मराठीतून समजावलं आणि तुझ्या मराठीमुळेच ते लवकर कळेल. ज्या मुलीला 'टेबलावर पुस्तक आहे' आणि 'पुस्तक टेबलावर आहे' यातला फरक कानाला जाणवतो, तिच्याकडे व्याकरणाचं भांडवल भरपूर आहे.

निबंधाची पहिली दोन पानं तशीच ठेव, फाडू नकोस. पुढच्या रविवारपर्यंत मला एक नवीन पान पाठव: कॉलेजचा पहिला दिवस, पण त्या दिवसाच्या आधी काय काय घडलं होतं तेही त्यात येऊ दे. 'हॅड'खाली रेघ मार आणि समासात लिही, कशाच्या आधी. नामापुढे अडलीस तर तिथे प्रश्नचिन्ह ठेवून पुढे जा, ते आपण फोनवर बघू. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.

तुझी,
मॅडम