४१६४ या डायनॅमिक रॅम (मेमरी) चिपमध्ये ६५,५३६ बिट आहेत, मग अ‍ॅड्रेसच्या पिना आठच कशा?

अ‍ॅड्रेस दोन हप्त्यांत जातो म्हणून. ६५,५३६ म्हणजे २ चा सोळावा घात, तेव्हा सोळा बिट लागणारच. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीने पेशी २५६ ओळी आणि २५६ कॉलम अशा मांडलेल्या असतात. ए० ते ए७ वर आधी ओळीचे आठ बिट ठेवून रॅस (ओळ टिपायला सांगणारा सिग्नल) लो करायचा, मग त्याच पिनांवर कॉलमचे आठ बिट ठेवून कॅस (कॉलम टिपायला सांगणारा सिग्नल). मोस्टेकने १९७३ मध्ये ४०९६ बिटांच्या चिपमध्ये ही युक्ती वापरली आणि १६ पिनांचं पॅकेज पुरलं.

६२२५६ या स्टॅटिक रॅममध्ये ही काटकसर नाही: १५ अ‍ॅड्रेस, ८ डेटा, ३ कंट्रोल, २ सप्लाय, एकूण २८ पिना. ४१६४ एका वेळी एकच बिट देते, त्यामुळे बाइटसाठी आठ चिपा शेजारीशेजारी. अ‍ॅड्रेस, रॅस, कॅस सामाईक, डेटा प्रत्येकीचा वेगळा.

प्रोसेसरच्या सोळा लाइन आठवर आणायला दोन ७४एलएस१५७ (ओळ किंवा कॉलम यांतले एकच बिट पुढे सोडणाऱ्या मल्टिप्लेक्सर चिपा) लागतात. घोळ बहुधा इथेच होतो. रॅसनंतर होल्ड टाइम संपेपर्यंत ओळीचे बिट हलवायचे नाहीत, आणि कॉलमचे बिट स्थिरावल्याशिवाय कॅस द्यायचा नाही. मल्टिप्लेक्सर फिरण्याआधीच कॅस आला, तर कॉलम म्हणून ओळीचाच आकडा जातो आणि जेमतेम २५६ पेशी वापरात येतात.

सगळीकडे ५५ किंवा एए (हेक्स आकडे, ज्यांत ० आणि १ एकाआड एक येतात) लिहून वाचण्याची चाचणी इथे कुचकामी, कारण चुकीची पेशी वाचली तरी उत्तर बरोबरच येतं. त्याऐवजी ०, १, २, ४, ८ असे दुप्पट करत ३२,७६८ पर्यंतच्या अ‍ॅड्रेसवर वेगवेगळे आकडे आधी लिहा, मग सगळे वाचा. फक्त ० आणि ४ वर एकच आकडा आला, तर मल्टिप्लेक्सरच्या अलीकडे, म्हणजे प्रोसेसरच्या बाजूला, ए२ लाइन अडकली आहे. १०२४ वरही तोच आला, तर दोष पलीकडे, चिपांच्या बाजूला, कारण तिथे ए२ आणि ए१० एकाच तारेवरून जातात. एकच डेटा बिट बिघडत असेल, तर त्या एका चिपचा सॉकेट तपासा.

ओळ आणि कॉलमच्या लाइन आपसांत अदलाबदल झाल्या तरी रॅमचं एरवी बिघडत नाही, रिफ्रेशचं, म्हणजे चिप विसरण्याआधी ओळी पुन्हा ताज्या करण्याचं, मात्र बिघडू शकतं. बऱ्याच ४१६४ ना २ मिलिसेकंदांत १२८ ओळी पुरतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएमएस४१६४ ला ४ मिलिसेकंदांत २५६ लागतात. झेड८० प्रोसेसरचा रिफ्रेश काउंटर सातच बिट मोजतो, त्यामुळे तेवढ्यावर ती चिप अर्ध्या ओळी विसरते.