जनगणनेत आजोबा सापडत नाहीत, कोतवाल बुकात सापडतात

तुमचा प्रश्न वाचला आणि हातातलं काम सोडून लिहायला बसलो, कारण चार वर्षांपूर्वी मी पण हेच विचारत फिरत होतो. तुम्ही लिहिलंय की आजोबा १९४० च्या सुमारास चांदवडकडच्या एका खेड्यातून मुंबईला गिरणीत गेले, गावाकडे आता ओळखीचं कोणी नाही, तर जनगणनेच्या नोंदी आणि पेपरमधल्या निधनाच्या बातम्या यावरून घराणं मागे मागे शोधत नेता येईल का. निधनाच्या बातम्यांवरून बऱ्यापैकी येईल. जनगणनेवरून नाही.

ते परदेशातले व्हिडिओ मी पण बघितलेत ज्यात एक बाई कॉम्प्युटरवर बसते आणि जनगणनेच्या यादीत तिचा पणजोबा बायकापोरांसकट सापडतो. अमेरिकेत ७२ वर्षं झाली की घराघराची नावं लोकांना खुली करतात, १९५० ची यादी २०२२ मध्ये खुली झाली, इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी करतात. आपल्याकडे १९४८ चा जनगणना कायदा आहे आणि त्यानुसार माणसामाणसाची माहिती गुप्त असते, ठरावीक वर्षांनी ती उघडी करायची अशी काही सोय त्यात नाही. आपल्याला मिळतात ते गावाचे आकडे, घरं किती, माणसं किती, बाया किती. तेही अगदीच वाया नाहीत हं. १८९१ पेक्षा १९०१ मध्ये नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या कमी भरली होती, मधल्या दहा वर्षांत दोन मोठे दुष्काळ आणि प्लेग येऊन गेला, त्यामुळे तुमच्या घरातली एखादी अख्खी फांदी त्या काळात नाहीशी झालेली दिसली तर कारण कळतं. पण नाव नाही मिळत.

आता मी काय केलं ते सांगतो. आम्ही निफाड तालुक्यातले. आजोबांचं वर्षश्राद्ध होतं तेव्हा मी कॉलेजात होतो, गुरुजींनी वडिलांना विचारलं आईचं नाव, सांगितलं, आजीचं नाव, आणि वडील गप्प. कारण आजोबांची आई आजोबा सहा वर्षांचे असताना गेली, त्यांना त्यांच्या आत्याने वाढवलं, आणि ते जन्मभर आत्यालाच आई म्हणायचे. आईचं नाव घरात कोणी घेतलंच नाही. गुरुजींनी सांभाळून घेतलं पण वडिलांचा चेहरा मला अजून आठवतो. पुढे तीस वर्षं दर पितृपक्षात तेच, तीन पिढ्यांची नावं घ्यायची वेळ आली की त्या एका जागी अडायचं.

मग मी कोतवाल बुकापासून सुरुवात केली आणि तुम्ही पण तिथूनच करा. गाव नमुना १४ म्हणतात त्याला, गावातले जन्म-मृत्यू त्यात लिहिलेले असायचे, कोण मेलं, कोणाचं कोण, वय, जात, कशाने. ही जुनी बुकं तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, गावाचं नाव आणि अंदाजे वर्ष टाकून नक्कल मागायचा अर्ज करायचा. मला पहिल्यांदा एका ठिकाणी तोंडीच सांगितलं की एवढं जुनं काही नाही, मी परत गेलो आणि लेखी अर्ज दिला तेव्हा बुक निघालं, म्हणून तोंडी नकारावर परत फिरू नका. आणि या बुकाची मोठी गोष्ट म्हणजे ज्यांना एक गुंठा जमीन नव्हती त्यांची पण नावं त्यात आहेत. सातबारा फेरफार हे जमीनवाल्यांचं काम, सालदार, बलुतेदार, गावकुसाबाहेरची घरं, यांना त्यात जागाच नव्हती, पण मरण सगळ्यांचं लिहिलं गेलं.

आमच्या गावचं १९१८ चं पान उघडलं तेव्हा काय सांगू. ती इन्फ्लुएंझाची साथ. एकेका दिवसाला इतकी नावं की लिहिणाऱ्याचं अक्षर पुढे पुढे बारीक होत गेलंय, आणि कारणाच्या रकान्यात वरून खालपर्यंत ताप, ताप, ताप. त्यात आमच्या घरातल्या तीन नोंदी, आठ दिवसांच्या आत. एक चुलत पणजोबा, एक दोन वर्षांची मुलगी जी होती हेच आम्हाला माहीत नव्हतं, आणि तिसरी नोंद पणजोबांचं नाव लिहून पुढे 'ची बायको, वय २५'. बस एवढंच, नाव तिथेही नाही. मी तिथे बाकड्यावर बराच वेळ बसून राहिलो.

ही पानं बहुतेक मोडीत असतात. मोडी वाचणारी माणसं नाशिकमध्ये आहेत, पैसे घेतात पण घ्यावेतच त्यांनी, डोळे फोडायचं काम आहे. दोन-तीन शब्द तुम्ही स्वतः शिकून ठेवा. 'वलद' किंवा 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. आडनाव खूपदा नसतंच, नुसतं तुका वलद राघो, त्यामुळे आडनाव शोधत बसलात तर आजोबा समोरून निघून जातील आणि कळणार नाही, बापलेकाची जोडी शोधायची. आणि साल शके असेल तर ७८ मिळवा, शके १८४० म्हणजे १९१८. चैत्र पाडव्याला शके बदलतं म्हणून जानेवारी ते मार्चच्या नोंदीला ७९ मिळवावे लागतात.

पणजीचं नाव शेवटी पंचवटीत मिळालं. रामकुंडावर अस्थी घेऊन आलेला माणूस आपल्या उपाध्यांकडे नाव नोंदवून जातो, पिढ्यानपिढ्या, त्यांच्या त्या लांब वह्या असतात, नामावळी म्हणतात. प्रत्येक उपाध्ये घराण्याकडे गावं आणि जाती वाटलेल्या असतात, म्हणून घाटावर जाऊन आडनाव, जात आणि मूळ गाव, तालुका सांगायचा, एक गुरुजी दुसऱ्याकडे पाठवतील, दुसरे तिसऱ्याकडे, असं करत आपल्या घरापर्यंत पोचता. त्र्यंबकेश्वरला पण असंच. दक्षिणा आनंदाने द्या, घाईच्या दिवशी जाऊ नका, पितृपक्षात तर मुळीच नाही. आमच्या गुरुजींनी दोन तास वही चाळली. पणजोबा शके १८४१ मध्ये आले होते, म्हणजे साथीनंतर पुढच्या वर्षी, आणि त्यांनी सगळं घर सांगितलं होतं, मेलेले आणि जिवंत, बायकोचं नाव, त्या दोन वर्षांच्या मुलीचं पण नाव, आणि शेवटी अंगठा. सही येत नव्हती त्यांना. तो अंगठा बघून वडील ढसाढसा रडले, आणि त्या वर्षीच्या पितृपक्षात त्यांनी वयाच्या ७६ व्या वर्षी पहिल्यांदा आजीचं नाव घेऊन पाणी सोडलं. नाव इथे लिहीत नाही, घरातलं आहे ते.

आता तुमचा दुसरा मुद्दा, निधनाच्या बातम्या. आजोबा १९४० ला गावातून निघाले म्हणजे त्यांचे भाऊ, चुलत भाऊ, बहिणींची घरं गावाकडे राहिलीच असणार आणि ती माणसं नंतर कधीतरी गेलीच असणार. नाशिकचं गावकरी १९३८ पासून आहे, देशदूत आहे, यांच्यातली ती दोन बोटांची बातमी, 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे असा परिवार आहे', ही बातमी आपण वाचून सोडून देतो पण शोधणाऱ्याला ती खूप देते. त्याहून जास्त देते ती दशक्रियेची जाहिरात, आमच्याकडे काही ठिकाणी गंधमुक्तीची पत्रिका म्हणतात. त्यात मूळ गाव, हल्ली मुक्काम, कुठे विधी, आणि खाली शोकाकुल म्हणून वीस-पंचवीस नावं, भाऊ पुतणे जावई नातजावई सगळे. दशक्रिया दहाव्या दिवशी, म्हणजे तारखेवरून मृत्यूचा दिवस मागे मोजता येतो. आणि जावई कुठल्या गावचे ते बघायचंच, कारण लेकी ज्या गावांत दिल्या तिथे तुमच्या घराण्याची आठवण जास्त टिकलेली असते. माझ्या आजोबांच्या बहिणीची सून, पिंपळगावला, ८८ वर्षांच्या आहेत, त्यांनी मला जेवढं सांगितलं तेवढं आमच्या भावकीत कोणालाच माहीत नव्हतं. या पत्रिका लोक देवघराच्या खणात, ट्रंकेत ठेवतात, मागितल्या की काढून देतात. जुने अंक बघायला आधी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारा, १८४० पासूनची संस्था आहे ती.

जमीन असेल तर फेरफार पण काढा. खातेदार मयत झाला की वारस नोंद होते आणि त्यात मुलं, विधवा, नातेसंबंधासकट लिहिलेलं असतं. १९५६ चा वारसा कायदा आल्यावर मुलींची नावं पण त्यात यायला लागली, त्याआधीच्या फेरफारात मुली सहसा दिसत नाहीत, म्हणजे नव्हत्या असं धरू नका. स्कॅन केलेले जुने फेरफार आपले अभिलेख या सरकारी साइटवर घरबसल्या फी भरून मिळतात. शिवाय २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यातली जुनी कोतवाल बुकं आणि शाळांची रजिस्टरं बाहेर काढून स्कॅन केली आणि जिल्ह्यांच्या वेबसाइटवर टाकली, तुमची जात कोणती का असेना, तुमच्या गावचं पान त्यात आलंय का ते एकदा बघाच. आजोबा शाळेत गेले असतील तर गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर पण आहेच.

अजून एक, नाशिक जिल्हाच मुळी १८६९ चा. त्याआधी इकडचा भाग नगरमध्ये आणि मालेगाव बागलाणकडचा खानदेशात होता, म्हणून फार जुन्या कागदावर वेगळा जिल्हा दिसला तर चुकीचं गाव म्हणून बाजूला ठेवू नका.

तुमच्या बाबतीत मी आधी हे करीन, आजोबांचा मृत्यूचा दाखला आणि गिरणीचा काही कागद असेल तर तो काढून त्यावर गाव कसं लिहिलंय ते बघीन, कारण चांदवडकडचं म्हणजे चांदवडच असं नाही, मुंबईत गेलेली माणसं जवळच्या मोठ्या गावाचं नाव सांगायची. मग गावात जाऊन मारुतीच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना आडनाव नाही, आजोबांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव सांगून विचारा. गाव पक्कं झालं की जात आणि आडनाव मला मेसेज करा, पंचवटीत कोणत्या गुरुजींकडे तुमच्या गावची वही आहे ते मी स्वतः जाऊन विचारून ठेवतो, मला रामकुंड दहा मिनिटांवर आहे.