स्तनाचे विच्छेदन पहिल्यांदा करताना

मृतदेहावर विच्छेदनासाठी सुरी हातात घेण्यापूर्वी स्तनाची सीमा बोटांनी शोधा, असा माझा पहिल्या वर्षाच्या प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला आग्रह असतो. उभ्या दिशेने तो दुसऱ्या बरगडीपासून सहाव्या बरगडीपर्यंत आणि आडव्या दिशेने उरोस्थीच्या (छातीच्या मधल्या हाडाच्या) कडेपासून काखेच्या मध्यरेषेपर्यंत पसरलेला असतो; मात्र त्याचा शेपटासारखा एक भाग वर काखेत शिरतो आणि नेमका तोच नवख्यांच्या नजरेतून निसटतो. दूध तयार करणारे 15 ते 20 खंड आणि त्यांच्या दुग्धवाहिन्या पाठ होतातच. खरा वेळ द्यावा तो कूपरच्या बंधांना. पिवळ्या चरबीतून त्वचेकडे जाणारे हे पांढरे तंतू चिमट्याने हलकेच ओढून पाहा, म्हणजे वर त्वचेला खळी पडलेली दिसेल. कर्करोगाची गाठ हेच तंतू आखडवते, म्हणून रुग्णाच्या स्तनावर नव्याने दिसलेली लहानशी खळीसुद्धा कधीही दुर्लक्षू नये. कर्करोग लसिकेतून (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवातून) पसरू शकतो आणि स्तनातील लसिकेचा सुमारे 75 टक्के प्रवाह काखेतील लसिकागाठींकडे जात असल्यामुळे काख चाचपल्याशिवाय स्तनाची तपासणी पूर्ण होत नाही. हा देह कुणीतरी विश्वासाने दान केला आहे. काम थांबवताना कापून उचललेला त्वचेचा पडदा जागेवर ठेवून त्यावर ओले फडके घालावे.