जनावरांना मागच्या घटना खरंच आठवतात का, की ती नुसती सवय असते?

तुम्ही विचारलंय की दोन वर्षांनी गावी गेल्यावर कुत्र्याने ओळखलं, तर त्याला जुने दिवस आठवले असतील का. कुत्र्याचं शेवटी सांगतो. मी लिहायला बसलो ते तुमच्या पुढच्या वाक्यामुळे: 'अर्थात माणसासारखी पक्की आठवण जनावराला कुठून असणार!' हे आमच्या घरात ऐकून ऐकून कान किटलेत.

धारवाडला मानसशास्त्रात एम.ए. केलं, आता खानापूर तालुक्यात भातशेती करतो. ऑगस्ट 2019 मध्ये बेळगाव जिल्ह्यात काय झालं ते इकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्या गोठ्यामागचा नाला मलप्रभेला मिळतो. नदी फुगली की नाल्याचं पाणी उलटं फिरतं, तसं ते त्या रात्री गोठ्यात शिरलं. वीज नाही. दावं भिजून गाठ अशी आवळलेली की सुटेना. विळ्याने कापलं आणि म्हशीला चढावरच्या देवळाकडे नेलं. मी नेलं. थोरला भाऊ त्या रात्री बेळगावात, वडगावला सासुरवाडीत अडकला होता. रस्ता सुरू झाल्यावर तो आला आणि ओसरीवर बसून सगळं माझ्याच तोंडून ऐकलं.

सुरुवातीला दादा पाहुण्यांना सांगायचा, 'आमच्या धाकट्यानं सोडवली.' मग ते 'आम्ही सोडवली' झालं. आता, 'पाणी छातीला लागलेलं, मीच दावं कापलो की!' विळा, अंधार, म्हशीचं रेकणं, सगळा तपशील माझा आणि अनुभव त्याचा. पुतण्या तेव्हा दोन वर्षांचा. तोही मान डोलावतो, 'मी बघितलोय.' त्या वयातलं सहसा कुणाला पुढे आठवत नाही. मेंदूतला हिप्पोकॅम्पस, जिथे घटना गुंफल्या जातात, तो तेव्हा पुरता तयारच नसतो. पोराला आठवतंय ते बापाचं सांगणं.

दादा खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत. खोटं बोलणारा पकडता येतो. अमेरिकेत जानेवारी 1986 मध्ये चॅलेंजर हे अवकाशयान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की बातमी कुठे, कशी कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांनाच पुन्हा विचारलं. कितीतरी जणांनी वेगळीच गोष्ट सांगितली, आणि तीही छातीठोक. स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद समोर ठेवला तरी मूळ आठवण परत आली नाही. आमच्याकडेही तेच. त्या रात्रीचा दादाचा आवाजी निरोप माझ्या फोनमध्ये अजून आहे: 'म्हशीला सोडलास काय गा? फोन उचल की!' सगळ्यांसमोर ऐकवला. म्हणाला, 'तो दुसऱ्या पावसाचा असंल.'

याचं कारण मेंदूच्या कामातच आहे. आठवण काढली की ती काही काळ कच्ची होते आणि पुन्हा पक्की करावी लागते. करीम नाडेर यांनी 2000 साली उंदरांवर हे दाखवलं. भीतीची आठवण जागी करून लगेच मेंदूत प्रथिनं (आठवण पक्की व्हायला ती लागतात) बनणं रोखणारं औषध दिलं, तर ती भीती गेली. आठवण जागी न करता तेच औषध दिलं तर काही फरक पडला नाही. मग प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला तीच गोष्ट काढणाऱ्याच्या डोक्यात मूळ माल किती उरणार?

आता जनावरं. एपिसोडिक मेमरी, म्हणजे घटनास्मृती, ही कल्पना 1972 मध्ये एन्डेल टुलविंग यांनी वेगळी काढली आणि पुढे, त्या क्षणात परत गेल्याची जाणीव तिला लागते म्हणून, ती फक्त माणसाकडेच असते असं ठासून मांडलं. 1998 मध्ये निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांनी स्क्रब जे या कावळ्याच्या कुळातल्या पक्ष्याला अळ्या आणि शेंगदाणे लपवायला दिले. अळ्या त्याला जास्त आवडतात, पण त्या नासतात. लपवून 4 तास झाले असतील तर पक्षी अळ्यांच्या जागा उकरायचा, 124 तास झाले असतील तर शेंगदाण्यांच्या. वास येऊ नये म्हणून परीक्षेच्या वेळी खाणं काढूनच घेतलेलं. अळ्या नासतात हे ज्यांना कधी कळू दिलं नव्हतं, ते पक्षी उशिरानेही अळ्यांच्याच मागे. काय, कुठे, कधी, तिन्ही एकत्र. आमच्या घरात 'कोण' एवढंच जमेना.

आमची म्हैस आजही पावसाळ्यात त्या नाल्यापाशी चारही पाय रोवून उभी राहते. उन्हाळ्यात मुकाट्याने ओलांडते. दादा म्हणतो, 'म्हशीला काय कळतंय!' पण वाटणीत ती मागून घेतली त्यानेच, 'जीव धोक्यात घालून मी वाचवलो' म्हणून, आणि पंचांनीही माना डोलावल्या. आता दूध त्याच्या नावावर डेअरीला जातं.

प्रामाणिकपणे सांगायचं तर म्हशीचं ते अडणं म्हणजे घटना आठवल्याचा पुरावा नव्हे. भीतीला घटना लागत नाही. जिनिव्हाच्या क्लापारेद यांनी 1911 मध्ये लिहिलंय: स्मृती गेलेल्या एका बाईशी हात मिळवताना त्यांनी हातात टाचणी लपवली. नंतर बाई त्यांना ओळखेना, टोचल्याचंही आठवेना, पण हात मात्र पुढे करेना. आणि नाडेर यांचा प्रयोगही भीतीवरचाच आहे, तो दादाच्या कहाणीला जसाच्या तसा लागू होतो असं कुणी शास्त्रज्ञ म्हणणार नाही. मी म्हणतो.

तुमच्या कुत्र्याने ओळखलं ते वासावरून, आवाजावरून. त्यासाठी एखादा जुना दिवस आठवावा लागत नाही. पण कुत्र्यांना घटना आठवतच नाहीत असंही नाही. क्लाउडिया फुगाझ्झा आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हंगेरीत दाखवलं की मालकाने सहज केलेली कृती पुढे विचारली जाईल याची कल्पना नसतानाही, हुकूम मिळताच कुत्री ती करून दाखवतात, तासाभरानंतरसुद्धा. वेळ जाईल तशी चूक वाढते. त्या क्षणात परत गेल्यासारखं त्यांना वाटतं का, हे त्यांना विचारता येत नाही. टुलविंग यांचा मुद्दा तेवढ्यापुरता शिल्लक आहे.

घरात वाटणी व्हायची असेल तर जुने आवाजी निरोप पुसू नका, आणि ऐकवायचे ते पंच बसायच्या आधी ऐकवा.